कुडवशाचं दारबंदर

समोर खाडीपलीकडे तिवरांच्या अलीकडचा जो काळा पट्टा दिसतो आहे, त्याला आम्ही दारबंदर म्हणतो. पाहुणे हसतात. इथे धक्का नाही, होडी बांधायला खुंटा नाही, ओहोटीला पाय ठेवाल तर कमरेपर्यंत आत जाल, मग बंदर कसलं? त्यांचं बरोबर आहे. त्या चिखलात आजवर एकदाच फौज उतरली. पण त्या एका उतरण्याने सगळ्या किनाऱ्याची लढाई फिरली, आणि नाव पडलं ते कायमचं.

बसा या कठड्यावर. पलीकडची होडी यायला वेळ आहे. मी इथल्या पावणाईच्या देवळातला गुरव. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही हकिकत जशी सांगत आले, तशीच सांगतो.

चिखलाच्या मागे टेकाडावर पडके बुरूज दिसतात, तो वेताळदुर्ग. त्या काळी तो टोपीवाल्यांच्या ताब्यात होता. ते नेमके कुठले, याबद्दल जुनी माणसंही एकमेकांशी वाद घालायची. आम्ही आपले टोपीवाले म्हणतो. खाडीचं तोंड त्यांच्या तोफांखाली. मराठ्यांची फौज या काठावर, कुडवशाच्या माळावर, दोन पावसाळे तळ ठोकून बसली होती. पुढे जावं तर खाडी आडवी, आणि मागे फिरावं तर दक्षिणेचा सगळा मुलूख हातचा जाणार. समुद्राकडच्या वाळूवर उतरायचा प्रयत्न दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मचवे किनाऱ्याला लागायच्या आत फुटले. तोफांची तोंडं तिकडेच होती.

गावाचे हाल फौजेहून वाईट. गडावरची माणसं गलबतातून यायची, माळावरची फौज पोचायच्या आत धान्य न्यायची, कामाला धट्टीकट्टी माणसं धरून न्यायची. आवडाबाई नावाच्या एका भंडारणीचा नवरा, राघोजी, असाच धरून नेला होता. मचव्यांना फळ्या बसवणारा हाताचा कसबी माणूस. त्याने घराला जुन्या गलबताच्या फळ्यांचं दार केलं होतं, इतकं जाड की लावायला दोघं लागायची. राघोजीला माडाच्या बागेतच पकडलं, आणि मग घर फोडायला आले. आवडाबाई आणि तिची गरोदर सून आतून दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेरून कुऱ्हाडी चालल्या. दार तडकलं, पण पडलं नाही. पुढे त्या दारावरचे घाव बघायला शेजारच्या गावांतली माणसं यायची, असं सांगतात.

पावसाळा सरल्यावर फौजेत नवा सुभेदार आला, सुभानजी मयेकर. घाटाखालचाच, पण आमच्याकडचा नव्हे. त्याने आल्याआल्या तोफांकडे पाहिलं नाही. रोज या काठावर येऊन तो गडाची पाठ न्याहाळत बसायचा. गडाच्या मागच्या अंगाला एक लहान दिंडी होती. तिथली विहीर तटाबाहेर, म्हणून दुपारी पाणी भरायला ती दिंडी उघडी असायची. पहारा नावाला दोघाचौघांचा. कारण दिंडीच्या पुढे हा चिखल. भरतीला पाणी चढलं की त्यांचं गस्तीचं गलबत इथे फिरे. ओहोटी लागली की रुतू नये म्हणून ते बाहेर समुद्रात जाई. ओहोटीला राखण चिखलच करत होता.

अष्टमीला आमच्याकडे भर दुपारी ओहोटी असते. सुभानजीने ठरवलं, अष्टमीच्या दुपारी चिखलाच्या कडेपर्यंत लहान होड्या न्यायच्या आणि तिथून चालत दिंडी गाठायची. चालायचं कशावरून, एवढंच राहिलं होतं. चटया टाकून पाहिल्या, त्या बुडाल्या. पेंढ्याचे भारेही चिखलाने गिळले. फळ्या हव्या होत्या, आणि लाकूड तर उरलंच नव्हतं. गावातले मोठे मचवे टोपीवाल्यांनी जाळले होते, आणि तोफेच्या टप्प्यातली झाडं तोडून नेली होती, बाकीची फौजेच्या सरपणात गेली होती. गावात लाकूड राहिलं होतं ते फक्त घरांच्या दारांना.

म्हणून पावणाईच्या देवळात गाव जमवला. सुभानजीने सरळच सांगितलं, "मला तुमची दारं पाहिजेत."

दार देणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बेत फसला तर टोपीवाले सूड घ्यायला येणार, आणि तेव्हा घरं सताड उघडी.

शेवटी आवडाबाई उठली. "सुभेदार, तुम्ही हरलात तर तळ उठवून दुसरीकडे जाल. आम्ही कुठे जावं?"

"आई, मी हरणार नाही."

"आधीचा सुभेदारही असंच म्हणाला होता."

मग कौल लावायचं ठरलं. आमच्या पूर्वजाने देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर दारं द्यायची, डावी पडली तर नाही. गाव हात जोडून बसला. उन्हं उतरली, दिवेलागण झाली, तरी एकही कळी हलली नाही. असं कधी झालं नव्हतं. गुरव घाबरून गेला. पुन्हा कळ्या लावू का, म्हणून विचारू लागला.

"नको," आवडाबाई म्हणाली. "देवी गप्प राहिली, म्हणजे तिने हे आपल्यावर सोपवलंय."

ती सुभानजीसमोर येऊन उभी राहिली. "माझं दार देते. पण एक वचन द्या. आमच्या दारांवरून पुढे जायचं. मागे यायला ती वापरायची नाहीत. दार दिलं की आम्हांला मागे फिरायला जागा नाही. तुम्हांलाही नसावी."

सुभानजीचे सरदार चुळबुळले. फौजेला परतीची वाट ठेवावी लागते, असं एकाने म्हटलंही. सुभानजीने त्याला हातानेच थांबवलं आणि पाषाणापुढचा अंगारा कपाळाला लावला. "दिलं वचन."

दुसऱ्या दिवशी गावातली दारं निघाली. भंडाऱ्यांची, कोळ्यांची, कुणब्यांची, सुताराचं, आणि देवळाचंही. बिजागऱ्या नव्हत्या तेव्हा. दारं लाकडी कुसवावर, म्हणजे वरखालच्या खुंटीवर, फिरायची, ती उचलून काढली. आवडाबाईचं दार काढायला चौघे आले. सून दारावरचे घाव चाचपत उभी होती. सासू तिला म्हणाली, "याने आपल्याला एकदा राखलं. आता चार लोकांना राखू दे." त्या दिवशी गाव उघडा झाला. संध्याकाळी एका घरातला दिवा दुसऱ्या घरातून दिसत होता म्हणे, आणि आजवर एकमेकांशी न बोलणारी माणसंही रात्री एकमेकांच्या ओटीवर जागी बसली.

अष्टमीला दुपारी गस्तीचं गलबत बाहेर पडलं. सुभानजीच्या होड्या तिवरांच्या आडून निघाल्या. दर होडीत शिपाई आणि त्यांच्या पायांखाली दारं. शेवटच्या होड्यांतून गावातली बाया-माणसं आली, कारण दारं टाकण्यात शिपाई गुंतले तर लढायचं कोणी, असं आवडाबाईने विचारलं होतं.

पहिलं दार चिखलावर पडलं आणि टिकलं. त्यापुढे दुसरं. एकामागून एक शिपाई वाकून चालू लागले. चिखल दारांच्या कडांवरून वर येत होता, पण गिळत नव्हता. अर्ध्या वाटेवर मात्र दारं संपली. गावातलं एकेक दार आणलं होतं, तरी पट्टा त्याहून रुंद निघाला. पुढे दिंडी दिसत होती, विहिरीवरच्या रहाटाचा आवाजही येत होता, आणि मध्ये नुसता काळा चिखल.

मागून एक सरदार म्हणाला, "परत वळू. अजून कोणी पाहिलं नाही."

तेव्हा आवडाबाई सगळ्यांच्या मागे होती. शेवटचा शिपाई ज्या दारावरून पुढे सरकला होता, ते तिने आणि सुनेने चिखलातून उपसलं आणि पुढच्या माणसाच्या हाती दिलं. त्याने ते पुढे सरकवलं. त्याच्या पुढच्याने आणखी पुढे. मागचं दार पुढे, त्याच्या मागचं त्याच्या पुढे. वाट पुढे वाढू लागली आणि मागे तेवढीच नाहीशी होऊ लागली. वचन दिलं होतं खरं, पण ते असं पाळावं लागेल हे देताना कोणाला कळलं नव्हतं. माणसांच्या पायांखाली मोजकीच दारं, चारी बाजूंनी चिखल, आणि ती सगळी फौज एखाद्या तराफ्यासारखी गडाकडे सरकत होती. ज्यांना दारावर जागा नव्हती, ती गावची माणसं चिखलात मांड्यांपर्यंत रुतून, दारांच्या कडांना धरून, दारं हातोहात पुढे देत होती.

दिंडी जवळ आली तेव्हा विहिरीवरच्या पहारेकऱ्याने पाहिलं. त्याने ओरड केली, तटावर माणसं धावली. तोफा समुद्राकडे, त्या वळवायला वेळ नव्हता. बंदुका मात्र सुरू झाल्या. पहिल्या फेरीत काही शिपाई पडले, आणि आमच्या गावचा गणोजी कोळीही चिखलातच राहिला. सुभानजीने हाक दिली, "दारं उभी करा!" पुढची दारं उचलून त्यांनी ढालीसारखी समोर धरली आणि धावत सुटले. सर्वांत पुढे राघोजीचं दार होतं. ते धरून चौघे पळत होते, सुभानजी त्यांच्यामागे. गोळ्या फळ्यांत रुतत होत्या. त्यांनी ते दार तसंच दिंडीत घुसवलं. आतून दिंडी लावायचा प्रयत्न झाला, पण मध्ये ते दार आडवं अडकलं होतं. दिंडी लागली नाही.

संध्याकाळपर्यंत वेताळदुर्गावर भगवं निशाण चढलं. दुसऱ्या दिवशी गडाच्याच तोफांनी गस्तीचं गलबत हाकललं, खाडी मोकळी झाली, आणि दोन पावसाळे अडकलेली फौज दक्षिणेला निघाली. पुढची ठाणी एकापाठोपाठ एक पडली. होळीच्या आत टोपीवाल्यांनी तहाची माणसं पाठवली. या किनाऱ्यावर माणसं धरून न्यायला पुन्हा कोणी आलं नाही.

गडाच्या तळघरातून कैदी बाहेर आले. आवडाबाई दिंडीपाशी उभी राहून एकेक चेहरा बघत होती. राघोजी त्यांत नव्हता. त्याला आधीच्याच वर्षी जहाजावर घालून नेलं होतं. कुठे, ते कोणालाच सांगता आलं नाही.

सुभानजी तिच्याजवळ आला. "आई, गडावर सागाचे वासे पडलेत. गावाला नवी दारं करून देतो. तुमचं पहिलं."

"गावाला द्या," ती म्हणाली. "माझं राहू दे. ते यायचे झाले तर घर उघडं दिसलेलं बरं."

सुभानजीने फार आग्रह केला नाही. बाकीच्या घरांना दारं बसली. जुनी दारं वचनाप्रमाणे कोणी परत आणली नाहीत. ती बहुतेक चिखलातच राहिली, आणि त्या चिखलाला दारबंदर नाव पडलं. आवडाबाईने मात्र जन्मभर दाराविना संसार केला. सुनेची मुलगी त्या उघड्या घरात वाढली, तिचं लग्न झालं, आणि गावातच तिचं नवं घर उभं राहिलं. तेव्हा म्हातारी काठी टेकत आली. सुताराने दार बसवायला घेतलं होतं. तिने ते खाली जमिनीवर ठेवायला लावलं, खाडीचा चिखल मागवून त्यावर पसरला आणि म्हणाली, "आधी माणसांना यावरून जाऊ दे. मग लावायचं."

आजही कुडवशात नवं दार आधी उंबऱ्यापुढे आडवं ठेवतात. त्यावर दारबंदरचा चिखल पसरतात, सगळा गाव त्यावरून अनवाणी चालतो, आणि मगच ते दार बसतं. पहिलं पाऊल घरच्याचं नसतं, गावच्याचंही नसतं. त्या दुपारी आमच्या दारांवरून पुढे गेले ते बहुतेक परमुलखातले होते, त्यांतल्या कित्येकांची नावंही आम्हांला ठाऊक नाहीत. म्हणून पहिलं पाऊल परक्याचं.

वरच्या वाडीत साळव्यांचं नवं घर झालंय. सकाळपासून ते वाटेकडे डोळे लावून बसलेत. होडी नंतरचीही मिळेल. चपला इथेच काढा आणि चला माझ्याबरोबर.