समाजमंदिरावरची वेल

झाडं बोलत आणि पंखे उत्तर देत, त्या काळची गोष्ट. हिंगणवाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीलगत भोपळ्याची एक वेल उगवली. समाजमंदिराला पत्र्याचं छप्पर होतं आणि दुपारी ते तव्यासारखं तापे. आत बायका शिवणकाम करत, वर चार पंखे गरागरा फिरत, तरी घामाच्या धारा थांबत नसत.

“मी पत्र्यावर सावली धरते,” वेल म्हणाली.

आतून थोरला पंखा हसला. “तू भाजीपुरती बरी. गारवा देणं आमचं काम!”

“दादा, तुम्ही तापलेलाच वारा फिरवता. ऊन वरच अडवायला हवं.”

वेल चढली. पहिल्याच दुपारी तिचा शेंडा करपला. नवा फुटला, तोही करपला. वेल रडली, पण मागे हटली नाही. तिनं आधी पत्र्याच्या कडेलाच एक रुंद पान पसरलं. त्या पानाच्या सावलीत शेंडा वीतभर पुढे सरकवला आणि तिथं दुसरं पान उघडलं. अशी स्वतःच्याच सावलीतून चालत ती दोन महिन्यांत आढ्यापर्यंत पोचली.

एका दुपारी तानूबाई मशीन थांबवून म्हणाल्या, “अगं, आज पंखे कशाला? उगाच वीज जाळायची! बंद करा की.”

पंखे थांबले. “संपलो आपण,” थोरला पंखा पुटपुटला. एवढ्यात खाली बायकांनी गाणं धरलं. इतकी वर्षं स्वतःच्या घरघरीत त्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

गाणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाला, “ताई, अजून चार पानं पसर गं.”