मठाची हायब्रिड गाडी

"कुसुमच का? मी का नाही?"

प्रसन्न निकुंभने गाडीचं दार आपटत विचारलं.

शेजारच्या सीटवर माई बसल्या होत्या. सातपुड्यातला तो मठ त्याच चालवत. मठाची मुलांची शाळा यापुढे कुसुम पाडवीने सांभाळायची, असं त्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कुसुम मठात कालपरवा आलेली. प्रसन्नचं अर्धं तारुण्य मठात गेलेलं.

गावी गेलेली ती आज एसटीने तालुक्याला पोचणार होती. तिला आणायला हे दोघे घाट उतरणार होते.

माईंनी सीटचा पट्टा ओढून लावला.

गाडी आवाज न करता अंगणातून सरकली.

"इंजिन चालू आहे ना रे?"

"नाही. हळू चालताना ती बॅटरीवर चालते." एका भक्ताने दिलेली ही उंच, दणकट हायब्रिड गाडी. मठात येण्याआधी प्रसन्न मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

खिंडीची चढण लागली. इंजिन सुरू झालं.

"आता पेट्रोल?"

"आता दोन्ही. मोटर आणि इंजिन मिळून ओढतात. माई, शाळेवर छप्पर मी घातलं. पाणी मी आणलं. ती आली तेव्हा चार माणसांत तोंड उघडत नव्हती!"

खिंड ओलांडली. उतार सुरू झाला.

"आणि आता?"

"आता चाकंच मोटरला फिरवतात. त्यातून वीज होते, बॅटरी भरते, वेगही आवरतो." तो रागारागाने सांगत होता, वळणावर वेगात शिरत होता आणि आयत्या वेळी ब्रेक दाबत होता.

निम्म्या घाटात इंजिन एकदम घरघरू लागलं.

"हे का ओरडतंय?"

"बॅटरी भरली. आणखी वीज घेत नाही. मग ही इंजिनला नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता. तेवढाच वेगाला लगाम." त्याने माईंकडे पाहिलं. "कळलं! मीही असाच भरलेला, माझ्यात जागा नाही, हेच सांगायचंय ना? नका सांगू."

"मी गाडीचं विचारत होते," माई म्हणाल्या.

जळका वास येत होता. ब्रेक तापले होते.

पुढच्या वळणावर एक काळीपिवळी जीप कलंडून उभी होती. अ‍ॅक्सल तुटला होता. रस्त्याच्या कडेला एक गरोदर बाई पोट धरून कण्हत होती. जवळ तिची सासू. नवरा धावत आला.

"दवाखान्यात न्यायचीय हो... लई वेळ झाला..."

माई खाली उतरल्या. बाईला मागच्या सीटवर झोपवलं, सासू उशाशी बसली. माईंच्या जागी नवरा बसला.

"सावकाश ने," माई म्हणाल्या आणि जीपच्या ड्रायव्हरसोबत कठड्यावर जाऊन बसल्या.

प्रसन्न परतला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. गाडीतून उतरताना त्याचा चेहरा उजळला होता.

"माई, काय उतरली गाडी! ब्रेकवर नुसता अलगद पाय, बाकी सगळं इंजिनवर. पोटातलं पाणी हललं नाही कुणाच्या. आणि वर येताना भरलेल्या बॅटरीने असा जोर दिला, की चढण जाणवलीच नाही. चला, मठात सोडतो तुम्हाला."

माईंनी गाडीत पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"कुसुम?"

प्रसन्नचा आवाज चढला.

"तिचं नाव काढू नका! एसटी स्टँड दवाखान्यासमोरच. तिला म्हटलं, चल, माई घाटात बसल्यात. तर म्हणते, बाईला रक्त लागेल म्हणतात, मी थांबते, तुम्ही व्हा पुढे. तुम्ही इथे उन्हात, आणि ही तिकडे! ना ओळख, ना पाळख! अशी माणसं शाळा चालवणार?"

"रक्त मिळालं?"

"मिळालं असेल. डॉक्टर आहेत तिथे."

"नाव काय त्या बाईचं?"

ते प्रसन्नने विचारलंच नव्हतं.

"म्हणजे चुकलो मीच? तुमच्यासाठी धावत आलो, ते चुकलं?" त्याचे डोळे भरून आले होते. "मला उत्तर हवंय, माई. कुसुमच का?"

माई गाडीत बसल्या. दार ओढून घेतलं.

"गाडी वळव. दवाखान्यात जाऊ."