रिकाम्या पानावरची पुरणपोळी

सोनगिरीच्या तुंदिलसेन राजाने भस्मानंद स्वामींच्या नादाने गावचा दवाखाना मोडून तिथे मठ बांधायचं ठरवलं. वैद्यबुवांची लेक बकुळा भीत भीत म्हणाली, "पण स्वामी, तुमच्या भस्माने गुण येतो का?"

"रोगी बरा झाला, तर भस्माचा प्रताप!" स्वामी गरजले. "नाही झाला, तर त्याची श्रद्धा कमी पडली. भस्म कधी चुकत नाही!"

राजाने मान डोलावली.

दुपारी पंगत बसली. स्वामींना वाढायला बकुळाच आली. रिकाम्या ताटातून तिने नुसती हवा उचलली आणि अलगद त्यांच्या पानावर ठेवली.

"घ्या पुरणपोळी. तूप सोडते हं! आणखी एक घ्याच, माझी शपथ आहे!"

शेजारी राजा सहावी पोळी चेपत होता. स्वामींचा तोल सुटला. "अगं कार्टे, पान रिकामं आहे!"

"छे! पोट भरलं, तर माझ्या पोळीचा प्रताप. नाही भरलं, तर तुमची श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा गेली खड्ड्यात! पोट भरलं नाही, तर पोळी खोटी!"

बकुळा राजाकडे वळली. "महाराज, स्वामींनी पोळीला लावलेली परीक्षा भस्मालाही लावा. रोगी उठला नाही, तर भस्म खोटं."

राजाने घास गिळला. "दवाखाना राहू दे. आणि स्वामींना आधी ओंजळभर भस्म वाढा. त्याने पोट भरलं नाही, तरच पोळी."

"नाही भरत, महाराज!" स्वामी घाईघाईने म्हणाले. "आधीच सांगतो, नाही भरत!"