ज्याचा व्हिसा, त्याची पोर?

आमच्या मिरजेच्या तंबोरेवाल्यांची मृण्मयी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेला गेली. पुढे दोघांचं फाटलं, घटस्फोट कोर्टात गेला आणि लहानग्या ऋचाचा ताबा कोणाकडे द्यायचा, यावर घोडं अडलं.

नवऱ्याचा वकील मोठ्या तोऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "बाईंचा व्हिसा नवऱ्याच्या जिवावर आहे. घटस्फोट झाला की तो संपला. जिच्या स्वतःच्या राहण्याचा भरवसा नाही, तिच्या हाती मूल कसं द्यायचं?"

मृण्मयी उठली. आवाज तंबोऱ्यासारखा स्थिर.

"वकीलसाहेब, यांचा व्हिसा कोणाच्या जिवावर आहे?"

"त्यांच्या कंपनीच्या."

"कंपनीने उद्या काढून टाकलं तर?"

वकील चाचरला. "तर... त्यांनाही जावं लागेल."

"मग यांच्या तरी हाती मूल कशाला? कंपनीच्या मोठ्या साहेबांनाच द्या की! ऋचाला ताप आला, तर कपाळावर पट्ट्या तेच ठेवतील."

न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं. "व्हिसाचा मुद्दा संपला," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "ताप आल्यावर मुलगी कोणाला हाक मारते?"

वकिलाने खूण करायच्या आतच नवरा बोलून गेला, "हिलाच."