हत्तीवर कोण बसणार?

सोनवडीच्या दरबारात एक रिवाज होता. वादात जिंकेल त्याची हत्तीवरून मिरवणूक निघायची आणि हरलेल्याला पुढे पायी चालत स्वतःच्याच पराभवाची दवंडी पिटावी लागायची.

एकदा परगावचे विरूपाक्ष पंडित वादाला आले. त्यांचं म्हणणं एकच: "ज्याला जे वाटतं, ते त्याच्यापुरतं खरं. त्यापलीकडे सत्य नाही."

म्हातारे राजपंडित त्र्यंबकशास्त्री सकाळपासून घसा फोडून सांगत होते, "अहो, कुणाला काहीही वाटो, खरं ते खरंच!"

"ते तुमच्यापुरतं," पंडित दर वेळी हसून म्हणत. शास्त्रीबुवा रडकुंडीला आले.

शेवटी त्यांची सून रेवती उठली. "महाराज, मामंजींच्या वतीनं मी हार मानते. मला पंडितजींचं पटलं."

दरबार चाट पडला. पंडित लगबगीनं हत्तीकडे निघाले.

रेवतीनं माहुताला विचारलं, "लतीफचाचा, तुम्हाला काय वाटतं? कोण जिंकलं?"

"आमचे शास्त्रीबुवाच की!"

"मग चाचांपुरतं तेच खरं," रेवती म्हणाली. "आणि हत्ती तर त्यांच्याच ताब्यात आहे."

पंडित भडकले. "माहुताला काय कळतंय? कुणाला काहीही वाटो, जिंकलो मीच! खरं ते खरंच!"

रेवतीनं हात जोडले. "महाराज, सकाळपासून मामंजी दुसरं काय सांगत होते?"

महाराजांना हसू आवरेना. शास्त्रीबुवा हत्तीवर चढले, मिरवणूक निघाली.

भर उन्हात दवंडी पिटत चाललेल्या पंडितांना लतीफ वरून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, पंडितजी. तुमच्यापुरते तुम्ही हत्तीवरच आहात!"