टिकाव त्यांचा, फावडं आमचं

जरा वाकून या, चौकट बसकी आहे. हे हिवरदऱ्याचं देऊळ. पाटीवर चर्च लिहिलंय, पण आम्ही देऊळच म्हणतो. वर घंटा दिसते ना? तिला दोर नाही. दोर खालच्या आळीत असतो. दर रविवारी आणून बांधतात, उपासना संपली की सोडून नेतात. मागे दफनभूमी आहे. तिथं कबर खणायची एकच जोडी. टिकाव वरच्या आळीत असतो आणि फावडं खालच्या आळीत, माझ्या घरी. मी लेवी ओहोळ. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एका जागी का नाही ठेवत? त्याची ही हकिकत आहे. माझ्या आजोबांचीच आहे, पण त्यांनी कधी सांगितली नाही. गाव सांगतं, तशी मी सांगतो.

या माळावर म्हणे दोन मिशनी आल्या. एकीचे लोक गुडघे टेकून पुस्तकातून प्रार्थना करत, दुसरीचे उभ्यानं आणि तोंडी. खालची आळी पुस्तकवाली झाली, वरची तोंडी. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १९००च्या दुष्काळात कुणाकडेच अख्ख्या देवळापुरता दगड नव्हता, म्हणून दोघींनी मिळून एकच बांधलं. सकाळी खालच्यांची उपासना, ती संपली की वरच्यांची. मेल्यावर जायची जागाही एकच. अठरा वर्षं बरी गेली.

मग एका नाताळला पहिली घंटा कुणी वाजवायची यावरून जुंपली. शांतीचा राजा जन्मला त्याच दिवशी माणसं एकमेकांच्या पागोट्याला हात घालायला निघाली! शेवटी वाटणी झाली. बाकं सहा सहा वाटली. घंटा वरच्यांना गेली, तेव्हा खालचे म्हणाले, मग दोर आमचा. टिकाव वरच्यांनी उचलला, तर यांनी फावडं काखोटीला मारलं. अडला हरी कुणाचे पाय धरणार होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खालच्यांचा पुढारी हाबेल गवंडी, म्हणजे माझे आजोबा. वरच्यांची तबीथाबाई, पाळकाची विधवा. तिच्यापुढं भले भले गप्प बसत. दोघांनी पुस्तकावर हात ठेवून शपथ वाहिली की एकानं मागायचं नाही आणि दुसऱ्यानं द्यायचं नाही. शपथ वाहूच नका, असं त्याच पुस्तकात लिहिलंय. तेवढं पान त्या दिवशी कुणी उघडलं नाही.

वाटली नाही ती फक्त शाळा, कारण मास्तर एकच होता. तबीथाबाईचा एकुलता एक मुलगा, समुवेल मास्तर. त्याच्यापुढं दोन्ही आळ्यांची पोरं मांडीला मांडी लावून बसत. हाबेलची आठ वर्षांची दीनाही त्यांत होती. जोडाक्षरांवर आली होती म्हणतात.

आमच्याकडे एक रीत आहे. कबरीचं हत्यार शेताला लावत नाहीत आणि शेताचं किंवा बांधकामाचं कबरीला. लोहाराकडून एक एक नवं करून घेऊ, असं दोन्ही आळ्या म्हणत राहिल्या आणि कुणी मेलं नाही तसे दहा महिने निघून गेले. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. लोहार पहिल्याच आठवड्यात गेला. घरटी एक तरी माणूस अंथरुणाला खिळलं. ज्यांनी हाताला लागेल त्यानं उथळ खड्डे केले, त्यांतल्या दोघांना तरसांनी उकरून काढलं.

अशात एका पहाटे समुवेल मास्तर गेला आणि त्याच पहाटे दीना गेली.

उन्हं वर आली तेव्हा हाबेल फावडं घेऊन एकटाच दफनभूमीत आला. अंगात ताप होता. उद्या आपण उठू की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून लेकीला आजच खोल ठेवायचं होतं. पण इथला मुरूम तुम्ही येताना पाहिलात. फावडं नुसतं खरवडत होतं. थोड्या वेळानं तबीथाबाई टिकाव खांद्यावर टाकून आली आणि पलीकडच्या कोपऱ्यात खणू लागली. मुरूम फुटत होता, पण उपसायला काही नाही. ओंजळीनं माती काढून काढून तिची बोटं फुटली. वीस पावलांच्या अंतरावर दोघं दुपारपर्यंत अशी झटत राहिली. दोघांचे खड्डे वीतभरसुद्धा झाले नव्हते. मला ही गोष्ट सांगताना इथं दर वेळी राग येतो. आजोबांचाही येतो.

सूर्य कलला तशी तबीथाबाई उठली. आपला खड्डा तसाच टाकून ती हाबेलच्या खड्ड्याशी आली आणि टिकाव उगारला.

"मी देत न्हाई, अन् तू मागितलं न्हाईस," ती म्हणाली. "टिकाव माजा हाय. मी कुटंबी हाणीन."

ती फोडत गेली, तो उपसत गेला. कितीतरी वेळानं हाबेल म्हणाला, "बाई, पोरीपुरतं नका खणू. रुंद घ्या. मास्तरबी हितंच मावंल."

"तुजी आळी काय म्हनंल?"

"आळी आजारी हाय."

त्या दिवशी मुरूम लोण्यासारखा मऊ झाला, असं गावात सांगतात. मी त्या जागी खणलंय. तो मुरूम कुणासाठी मऊ होत नाही. त्या दोघांनी खणलं, मला तेवढाच चमत्कार पुरतो.

दिवस बुडायच्या आत दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. हाबेलचं पुस्तक घरी राहिलं होतं आणि पुस्तकावाचून त्याला प्रार्थना येत नव्हती. तेव्हा तबीथाबाईनं खालच्यांची दफनाची प्रार्थना अक्षर न चुकता म्हटली. अठरा वर्षं, रविवारी आणि मयतीलाही, खालच्यांचं पुस्तक संपायची वाट बघत दाराबाहेर उभी राहिली होती ना ती! मग हाबेल जन्मात पहिल्यांदा तोंडी बोलला. "बापा," म्हणाला, "मास्तर संगं हाय. पोरीची पाटी पुरी करून घे."

खिडकीतून ती बघा, लिंबाखालची रुंद कबर. तीच ती.

ताप ओसरल्यावर जोडी एका जागी ठेवा, असं लोक म्हणाले. तबीथाबाई नको म्हणाली. एका जागी असलं की आपलं आपण खणून मोकळे व्हाल, म्हणाली. पुढं वरिष्ठांनी दोन्ही मिशनींच्या मंडळ्या एक केल्या, नवी जोडी घ्या म्हणून कागद आला. आम्ही तो कागद जपून ठेवलाय आणि जोडी घेतलेली नाही.

टिकाव आता वरच्या आळीतल्या नथानेल शिनगाऱ्याकडे असतो. बांधावरून त्याचं माझं चार वर्षं बोलणं नाही. गेल्या पौषात माझी बायको गेली. टिकावासाठी मी कुणाला पाठवलं नाही, इथं पाठवत नाहीतच. उजाडता उजाडता इथं आलो तर नथानेल टिकाव घेऊन आधीच उभा होता. दिवसभर खणलं आम्ही. एक शब्द नाही.

आजही बोलत नाही. पण आजही रोज निजताना मी फावडं दाराशी ठेवतो. त्याची वेळ आधी आली, तर शोधत बसायला नको.