धाकूचं पान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते मला विचारू नका. खाडीवर पूल नव्हता एवढं धरा, आणि आमच्या तरवाडीतून पैलतीरी जायचं तर धाकू तारीच्या होडीशिवाय इलाज नव्हता. तारी म्हणजे माणसं तारून नेणारा. आता लोक धाकूच्या नावाने धक्क्यावर हार घालतात, तो गंधर्व होता म्हणतात, मागल्या जन्मीचा योगी होता म्हणतात. म्हणू देत. मी त्याच्या घराच्या शेजारची. तेव्हाही आमचं घर तिथेच होतं, मधे फक्त कुडाची भिंत, आणि माझ्या सासूच्या आजेसासूने, मथुरीने, त्या कुडाला चांगलं डोळा मावेल एवढं भोक ठेवलं होतं. तेव्हा मी सांगते ते ऐका. धाकू गंधर्व नव्हता. धाकू म्हणजे डोक्याला ताप होता.

लहानपणी तो बोलतच नव्हता. आईने नवस केले, जिभेला मध लावला, काही नाही. मग एक दिवस बोलायला लागला, तर आपण बोलू तेच परत बोलायला लागला. धक्क्यावर कोणी विचारलं, "धाकू, पैलतीरी नेतंस?" की धाकू म्हणायचा, "नेतंस."

"अरे, नेतंस की नाय?"

"नेतंस की नाय."

माणूस कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि तोवर धाकूने होडी सोडलेली असायची. पण बसायचं कुठे, ते धाकू ठरवणार. मासळीच्या टोपल्या मागे, बायका मधे, पुरुष पुढे. टोपली जरा तिरकी असली तर सरळ केल्याशिवाय वल्हं पाण्याला लागायचं नाही. कोणी होडीत टाळी वाजवली, मोठ्याने हसलं, की हा दोन्ही हात कानांवर घेऊन बसायचा, आणि होडी खाडीच्या मधोमध गोल गोल फिरत राहायची. उन्हात. बायकापोरांसकट. असं म्हणतात की तरवाडीची माणसं हळू बोलतात ती तेव्हापासून. माझा अपवाद सोडा.

आता अशा माणसाला घरात सांभाळायचं म्हणजे काय, ते त्याच्या वहिनीला विचारा. तिचं नाव आवडा. धाकूचा थोरला भाऊ भागो, त्याची ही बायको. भागो जाळं घेऊन जो सकाळी जायचा तो जेवायला उगवायचा, म्हणजे धाकू कोणाच्या गळ्यात? आवडाच्या. तिची सासू डोळे मिटताना फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्येचा पान वेगळा वाढ गो."

कारण धाकूच्या पानात भाताला कालवण लागलेलं चालत नसे. भात एका कडेला, सुकी मासळी दुसऱ्या कडेला, कालवण करवंटीत, आणि मधे मोकळं पान दिसलं पाहिजे. कालवणाचा एक ओघळ भाताकडे गेला की धाकू विंचू चावल्यासारखा उठायचा. आणि जेवताना कोणी त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की घास तोंडाशी थांबला.

आवडाला हे लाड वाटायचे. बाईमाणूस पहाटेपासून राबतंय, वर पानात भिंती बांधायच्या? मथुरी कुडाच्या भोकातून विचारायची, "गो आवडा, आज काय झाला?"

"काय झाला म्हणून काय विचारतंस? तुका दिसला नाय?"

"दिसला. पण तुझ्या तोंडून ऐकूक बरा वाटता."

"कालवण भाताक लागला! माझ्या कालवणात काय इख घातलंय? ह्या घरात माझी लेकरां मिळात ता खातत, आणि हो घोडो पानासमोर रडता!"

कधी ती मुद्दाम भातात कालवण कालवून वाढायची, उपाशी राहिला की शिकेल म्हणून. धाकू उपाशी राहायचा. शिकायचा नाही. मग तिलाच जेवण जायचं नाही, आणि त्याचा राग ती पुन्हा धाकूवर काढायची. हे असं रोज. कंटाळा येईल नाही तर काय!

तर शिमगा जवळ आला. आमची देवी पावणाई आणि पैलतीरावरची भगवती या सख्ख्या बहिणी. शिमग्यात पावणाई पालखीत बसून बहिणीला भेटायला जाते, आणि ती भेट सूर्य बुडायच्या आत झाली पाहिजे. नाहीतर वर्षभर दोघी रुसतात आणि खाडी माणसं खाते, असं म्हणतात. पालखी मावेल अशी रुंद होडी एकच, धाकूची.

शिमग्याच्या आधी गावकार, दाजी त्याचं नाव, गावातला पहिल्या मानाचा माणूस, पैलतीरी निघाला आणि नेमका बायकांच्या जागी बसला. धाकू वल्हं धरून उभा राहिला.

"चल, सोड होडी," गावकार म्हणाला.

"सोड होडी," धाकू म्हणाला, आणि उभाच.

"मी हयच बसणार!"

"हयच बसणार."

होडीतल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. शेवटी गावकाराला उठून पुढे जाऊन बसावं लागलं. अपमान! संध्याकाळी चावडीवर त्याने सांगून टाकलं, "ह्येच्यात कायतरी शिरलाहा. शिमग्याच्या दिवशी ह्येका ढोलाखाली बसवूक होयो. देवीचो ढोल कानात गेलो की जा काय आसा ता भायर पडात."

म्हणजे बघा. ज्याला टाळीचा आवाज सोसत नाही, त्याला बरं करायला ढोल. पण तेव्हाच्या लोकांना काय बोलता? आजसुद्धा माझ्या डोळ्यांदेखत रडणाऱ्या पोराच्या कानाशी खुळखुळा वाजवतात. भागोने मान डोलावली. आवडाला विचारलं, तर ती चुलीपासून हलली नाही. म्हणाली, "करा काय ता. माका आता सोसणा नाय."

शिमग्याच्या दिवशी दुपार कलल्यावर उंबराखाली पालखी उभी केली. धाकूला तिच्यासमोर बसवलं, दोघांनी दंड धरले, म्हणजे कानांवर हात नेता येऊ नयेत. आणि दोन्ही बाजूंनी ढोल सुरू झाले. वर ताशे. वर गाऱ्हाणं. घाडी, म्हणजे देवीपुढे गावाचं मागणं मांडणारा, तो ओरडायचा आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायचा. धाकू ओरडला नाही की रडला नाही. लाकडासारखा ताठ झाला. लोक म्हणाले, आता बाहेर पडतंय. तेवढ्यात धाकूनेच एकाच्या हाताचा असा कडकडून चावा घेतला की पकड सुटली, आणि तो धावत धक्क्यावर गेला, होडीत उडी मारली, आणि थेट खाडीच्या मधोमध जाऊन बसला. हात कानांवर. पुढे मागे, पुढे मागे डोलत.

मग काय विचारता! होडी तिकडे, पालखी इकडे, आणि सूर्य खाली चाललेला. गावकार धक्क्यावरून ओरडला. भागो ओरडला. सगळा गाव ओरडला. ढोलवाल्यांना कोणी थांबवलं नाही, कारण पालखी बाहेर असताना ढोल थांबवायचा नसतो. घाडीने नवं गाऱ्हाणं घातलं, "त्येका परत हाड गे माये!" म्हणजे परत आण, आणि लोक "व्हय म्हाराजा!" जितक्या जोरात "व्हय म्हाराजा", तितकी होडी लांब. दोन माणसं छोट्या होडीतून त्याला आणायला गेली, तीही बोंबलतच. धाकूने वल्हं मारलं आणि होडी खाडीच्या तोंडाकडे वळवली. तिथे ओहोटी लागली होती. त्या ओढीत सापडलेली होडी समुद्रातच जाते. परत आलेली कोणी पाहिली नव्हती. ती दोन माणसं अर्ध्यातूनच मागे फिरली.

आणि पालखी, असं म्हणतात, जड होऊ लागली. ढोल वाढले तशी जड. भोयांचे पाय घोट्यापर्यंत मातीत रुतले.

आवडा घरातून हे ऐकत होती. शेवटी तिचं डोकं फुटायची वेळ आली. ती धक्क्यावर आली आणि त्या सगळ्या गदारोळात तिने आपले दोन्ही कान दाबून धरले. समोर बघते तर लांब होडीत धाकूही तसाच. तसेच कोपर वर, तशीच मान खाली. तिने आपले हात काढले, ढोल ऐकला, परत कान दाबले. मथुरी तिच्या शेजारीच होती, ती सांगायची की आवडाचा चेहरा असा झाला, जसं कोणी तिच्याच पानात कालवण सांडलंय.

आणि मग ती बाई ओरडली. "गप रवा! सगळे गप रवा! ढोल खाली ठेव रे मेल्या!"

गावकार म्हणाला, "गो, खुळी काय तू? देवीची पालखी मुकी जातली?"

"देवी काय बहिरी आसा, म्हणून एवढे बडवतास?"

ढोल थांबले. ताशे थांबले. घाडीचं तोंड उघडंच राहिलं, पण आवाज आला नाही. आवडा घरी गेली. धावली नाही, कारण धावणारं माणूसही धाकूला चालत नसे. केळीचं पान घेतलं, भात एका कडेला, सुकी मासळी दुसऱ्या कडेला, कालवण करवंटीत. ते पान तिने धक्क्याच्या शेवटच्या दगडावर ठेवलं आणि खाडीकडे पाठ करून बसली. मग हाताने खूण केली. तुम्हीही.

आता विचार करा, अख्खा गाव, गावकार, भोई, पालखी, सगळ्यांनी खाडीकडे पाठ केली. आणि मथुरीनेही. माझ्या सासूची आजेसासू, जिने आयुष्यात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते बघितल्याशिवाय पाणी प्यायलं नाही, तिने त्या दिवशी मान वळवली नाही! आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ही हळहळ आहे. बघण्यासारखं काही घडलं ते एकदाच, आणि तेव्हा आमच्या बाईची पाठ!

त्यामुळे ओहोटीच्या उलट होडी कशी आली, ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं, पाणी उलटं फिरलं. कोणी म्हणतं, देवीने पालखीतून हात लांब केला. ऐकू आलं ते एवढंच: खूप वेळ काही नाही. मग वल्ह्याचा आवाज. मग धक्क्याला होडी टेकल्याचा. मग कोणीतरी जेवतंय, सावकाश, आधी भात, मग मासळी, मग करवंटी. आणि मग धाकूचा आवाज, "नेतंस."

पालखी फुलासारखी उचलली गेली. टोपल्या मागे, बायका मधे, पुरुष पुढे, आणि गावकार कोणी न सांगता पुढे जाऊन बसला. खाडी आरशासारखी झाली होती, असं म्हणतात. सूर्याची कड शिल्लक असताना बहिणी भेटल्या, आणि त्या शांततेत त्यांचं बोलणं लोकांना ऐकू आलं. काय बोलल्या यावरून गावात अजून भांडणं आहेत, ती मी इथे काढत नाही.

आता कोणाला वाटेल, यानंतर सगळं गोड झालं. कसलं गोड! धाकू होता तसाच राहिला. टोपली सरळ केल्याशिवाय होडी सोडली नाही, विचारलं तेच परत बोलला, आणि आवडा मरेपर्यंत कुडाच्या भोकाशी येऊन कुरकुरली. "आज पाण्याचो तांब्यो जागेवर नव्हतो म्हणून जेवलो नाय. काय करू गो ह्येचा?" समजलं म्हणून कटकट संपत नाही. फक्त तिने पुन्हा कधी भातात कालवण मिसळलं नाही, आणि धाकूला पुन्हा कोणी ढोलाखाली बसवू दिलं नाही. धाकू गेला, असं म्हणतात, तेव्हा होडी आपोआप खाडीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही तीरांवरच्या गावांत कुत्रं भुंकलं नाही.

आता पूल आहे. तरीही शिमग्यात पालखी होडीनेच जाते, आणि उंबरापासून धक्क्यापर्यंत ढोल मुके. मुंबईची पोरं डीजे घेऊन येतात, त्यांच्याशी दरवर्षी माझं वाजतं. पण बंद करावाच लागतो. शेवटच्या दगडावर पान ठेवायचा मान त्या घराच्या सुनेचा, आणि ते ठेवलं की सगळा गाव खाडीकडे पाठ करतो.

आणि गावात कुठलंही जेवण असो, पंगतीच्या टोकाला एक पान असं वाढायचं की कशाला काही लागणार नाही. ते धाकूचं पान. कोणीही बसावं. का, म्हणून विचारायचं नाही.

त्या घरात आता रेवा आहे, आवडाच्याच वंशातली पोरगी. डॉक्टरांनी तिला ऑटिझम सांगितलाय, शाळेच्या बाई स्वमग्न म्हणतात. ते मग्न वगैरे मला पटत नाही. त्या पोरीला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतं. तिची आई कधी कधी कुंपणाशी येते, "काकू, आज परत जेवली नाही, मी थकले हो." मी म्हणते, थक. आवडाही थकायची.

परवा शेजारच्या लग्नात रेवा आपणहून त्या टोकाच्या पानावर जाऊन बसली. वराकडचा एक पाहुणा म्हणाला, "ही पोरगी अशी काय जेवते?" वाढणाऱ्याने वरणाचं पातेलं खाली ठेवलं, म्हणाला, "धाकूचं पान आहे ते," आणि तिच्याकडे पाठ केली. त्याच्या शेजारच्याने केली. मग सगळ्या पंगतीने. पाहुणा बावचळून बघत राहिला आणि मग त्यानेही केली.

मीसुद्धा केली, मथुरीच्या घरची असून. तिने किती खाल्लं, काय टाकलं, मला माहीत नाही. हे माझ्या तोंडून ऐकताय, म्हणजे बघा.